विडंबनकार आणि मुलांचा लेखक : प्र. के. अत्रे यांच्या बालवाङ्मयीन कार्याचा पुनर्विचार
(चिनी लेखक झांग तियानयी यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

आधुनिक चिनी साहित्याच्या इतिहासात झांग तियानयी (1906–1985) या लेखकाचे नाव दोन वेगवेगळ्या प्रकरणांत येते. 1930 नंतरच्या डाव्या साहित्य चळवळीतील तिखट उपहासकथाकार हे एक प्रकरण, तर आधुनिक चिनी बालसाहित्याचा प्रमुख लेखक हे दुसरे. एकच लेखक समाजातील दांभिकांची सालटी काढतो आणि त्याच लेखणीने मुलांसाठी अद्भुत कथा लिहितो, याचे चिनी समीक्षेला फारसे आश्चर्य वाटत नाही. मराठीत मात्र असा लेखक आपल्याकडे होऊन गेला, याचीच आपल्याला आठवण राहिलेली नाही. आचार्य प्रल्हाद केशव अत्रे (1898–1969) यांच्यावर लिहिले गेलेले वाङ्मय विपुल आहे. त्यात विडंबनकार अत्रे आहेत, नाटककार अत्रे आहेत, ‘मराठा’कार अत्रे आहेत, शिवाजी पार्कवरची सभा गाजवणारे वक्ते अत्रे आहेत. मुलांसाठी लिहिणारे अत्रे मात्र बहुधा चरित्राच्या आरंभीच्या एखाद्या परिच्छेदात ‘शिक्षणक्षेत्रातील कार्य’ या मथळ्याखाली उरकले जातात.

प्रस्तुत निबंधाचा हेतू ही उणीव दाखवणे एवढाच नाही. अत्र्यांचे विडंबन आणि त्यांचे मुलांसाठीचे लेखन ही एकाच वाङ्मयीन दृष्टीची दोन रूपे आहेत, आणि ती वेगळी काढल्यामुळे दोन्हींचे मूल्यमापन अपुरे राहिले आहे, असे येथे मांडावयाचे आहे. झांग तियानयींचा संदर्भ त्यासाठी उपयोगी पडतो. हे दोन लेखक परस्परांना ओळखत होते किंवा त्यांनी एकमेकांचे काही वाचले होते, असा दावा येथे मुळीच नाही. दोघांची वाट एकाच मुक्कामांवरून, परंतु उलट दिशेने गेली, हे लक्षणीय आहे.

शाळामास्तराची लेखणी

अत्रे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 रोजी पुरंदर तालुक्यातील कोडित या गावी झाला. 1919 साली ते पदवीधर झाले आणि शिक्षकी पेशात शिरले. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. दरम्यान ते इंग्लंडला गेले आणि 1928 साली लंडन विद्यापीठाची अध्यापनाची पदविका घेऊन परतले. ‘अध्यापन’, ‘इलाखा शिक्षक’ यांसारखी शिक्षणविषयक नियतकालिके त्यांनी चालवली. ‘गुरुदक्षिणा’सारखी शालेय नाटिका लिहिली. व्यावसायिक रंगभूमीवर ‘साष्टांग नमस्कार’ (1933) येण्यापूर्वी अत्र्यांचा प्रेक्षक शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता, ही गोष्ट नाट्यसमीक्षकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती. खाकी चड्डीतला प्रेक्षक कंटाळला की लगेच चुळबुळ करतो. सौजन्याने टाळ्या वाजवीत नाही.

या कालखंडातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे प्राथमिक शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ आणि दुय्यम शाळांसाठी ‘अरुण वाचनमाला’. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांनी मराठी शालेय गद्याला एक वळण लावून दिले होते. ते वळण शिस्तीचे, नीतिबोधाचे आणि बऱ्याच अंशी भाषांतरित वाक्यरचनेचे होते. मूल हे उपदेश भरण्याचे भांडे आहे, असे गृहीत धरूनच धडे लिहिले जात. शाळेबाहेर 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू करून मुलांच्या करमणुकीला प्रतिष्ठा दिली होती. परंतु मासिकाची वर्गणी भरणारे घर आणि क्रमिक पुस्तक कसेबसे विकत घेणारे घर यांत अंतर होते. ‘आनंद’मधला जिवंतपणा शाळेच्या पुस्तकात आणणे हे काम शिल्लक होते. अत्र्यांच्या वाचनमालेने ते केले. लहान वाक्ये, बोलण्यातली भाषा, मुलांच्या रोजच्या अनुभवातले विषय, चालीवर म्हणता येणाऱ्या कविता आणि समकालीन लेखकांचे उतारे यांमुळे पुस्तकाचा तोंडवळाच पालटला.

क्रमिक पुस्तके म्हणजे संपादन, ते साहित्य नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाऊ शकतो. हा आक्षेप मुंबईच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. 1920 साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि 1925 पासून महापालिकेने ‘एफ’ व ‘जी’ या वॉर्डांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. हे वॉर्ड म्हणजे परळ, शिवडी, दादर, माटुंगा, माहीम, वरळी असा उत्तरेकडचा पट्टा. त्यातला मोठा भाग गिरणगावाचा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची मुले या सक्तीमुळे पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शाळेच्या कक्षेत आली. चाळीतल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत पोथी किंवा पंचांग असेल, भजनाची वही असेल. मुलासाठी म्हणून घेतलेले छापील पुस्तक हे बहुधा क्रमिक पुस्तकच असे. त्या घरात त्याचे वाचन मोठ्याने होई आणि निरक्षर आई-आजीही ते ऐकत. अशा वाचकवर्गाच्या बाबतीत क्रमिक पुस्तक हे साहित्य आहे की नाही, हा प्रश्न केवळ विद्यापीठीय आहे. त्या मुलाची छापील मराठीशी पहिली गाठ ज्या पानावर पडली, ते पान कोणी लिहिले, याला वाङ्मयेतिहासात जागा असलीच पाहिजे.

झेंडू आणि घड्याळ

योगायोगाने 1925 हेच वर्ष ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाच्या प्रकाशनाचेही आहे. ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या या कवितांचा रोख मुख्यतः 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींकडे होता. अत्र्यांच्या विडंबनाची रीत अशी, की भाषेचा थाट भव्य ठेवावयाचा आणि त्यात भरावयाची वस्तू अगदी घरगुती. ‘प्रेमाचा गुलकंद’ या प्रसिद्ध कवितेतला प्रियकर नेमाने गुलाबाची फुले देत राहतो, आणि ज्या क्षणी प्रेमाचा कौल मिळावयाचा, त्या क्षणी समोर येते ती त्याच फुलांच्या गुलकंदाची बरणी. प्रेमकवितेचा सगळा फुलोरा एका बरणीत मुरवून टाकला आहे. येथे हसू येते ते थाट आणि वस्तू यांच्या विसंगतीतून.

आता त्याच केशवकुमारांची ‘आजीचे घड्याळ’ ही कविता पाहावी. मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी ही पाठ केली आहे. परंतु ती शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. एकोणीस अक्षरांचे हे भारदस्त वृत्त सर्वसामान्य मराठी माणसाला लग्नातल्या मंगलाष्टकांमुळे परिचित आहे. मुलांच्या कवितेला साजेसे वृत्त कोणते, असे विचारल्यास कोणताही छंदःशास्त्रज्ञ शार्दूलविक्रीडिताचे नाव घेणार नाही. अत्र्यांनी या राजेशाही वृत्तात कोंबड्याचे आरवणे, ओटीवर आलेले ऊन, पर्वतीवर वाजणारा चौघडा असल्या गोष्टी बसवल्या आहेत. आजीचे हे घड्याळ टिकटिक करीत नाही, त्याला किल्ली द्यावी लागत नाही. तरी पहाटे अभ्यासाला उठवण्याची वेळ तिची कधी चुकत नाही. आजीचे गाठोडे आणि फडताळ हुडकूनही ते सापडले नाही, अशी मुलाची तक्रार आहे.

रीत तीच आहे. भव्य रूपात घरगुती आशय. ‘झेंडूची फुले’मध्ये या जोडणीमुळे भव्यतेचा फुगा फुटतो, ‘आजीचे घड्याळ’मध्ये तीच जोडणी घरातल्या म्हातारीला मोठे करते. विसंगतीचे एकच यंत्र एकदा खाली खेचण्यासाठी आणि एकदा वर उचलण्यासाठी वापरले आहे. मुलाच्या दृष्टीने आजी खरोखरच शार्दूलविक्रीडिताच्या योग्यतेची असते. मोठ्यांनाच त्यात गंमत वाटते. वर्गात ही कविता वृत्तासह म्हणून दाखवली की पदवीच्या वर्षातले विद्यार्थी आधी हसतात, मग दुसऱ्यांदा म्हणताना हसत नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. विडंबनकार आणि मुलांचा कवी हे एकाच माणसाचे दोन स्वभाव नसून एकच कसब आहे, याचा याहून थेट पुरावा शोधण्याची गरज नाही.

उलट दिशेची वाट

झांग तियानयी यांचा जन्म नानजिंगचा. 1929 साली त्यांच्या कथेला लू शून यांच्या नियतकालिकात स्थान मिळाले आणि पुढे शांघायच्या डाव्या लेखकसंघाच्या वर्तुळात ते वावरू लागले. ‘दालिन आणि श्याओलिन’ (1932) ही त्यांची मुलांसाठीची दीर्घकथा जुळ्या भावांची आहे. एक भाऊ श्रीमंताचा दत्तक पुत्र होतो, इतका लठ्ठ होतो की खाण्या-हसण्यालाही त्याला नोकर लागतात. दुसरा मजूर होतो. दत्तक गेलेल्याचा शेवट सोन्याने भरलेल्या, पण अन्नाचा कण नसलेल्या बेटावर होतो. परीकथेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून त्यात कारखान्याचा मालक बसवण्याची ही युक्ती अत्र्यांच्या युक्तीहून जातीने निराळी नाही. पुढे जपानविरोधी युद्धाच्या काळात त्यांनी ‘श्री. हुआ वेई’ (1938) ही कथा लिहिली. तीतला नायक देशकार्याच्या नावाखाली एका समितीच्या बैठकीतून दुसऱ्या समितीच्या बैठकीत धावत असतो, कुठेच पुरता बसत नाही, आणि आपल्याला न बोलावता एखादी बैठक झाली तर मात्र भडकतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा गृहस्थ ओळखीचा वाटला, तर तो दोष अनुवादाचा मानू नये.

1949 नंतर झांग तियानयींची उपहासकथा जवळजवळ थांबली. नव्या राजवटीत कोणाला हसावयाचे, हा प्रश्न अवघड झाला होता. त्यांनी आपली शक्ती मुलांच्या साहित्याकडे वळवली. ‘जादूच्या भोपळ्याचे रहस्य’ (1958) या कादंबरीत एका शाळकरी मुलाला इच्छा पुरवणारा भोपळा मिळतो. पण भोपळा जे आणून देतो ते दुसऱ्या कोणाचे तरी उचललेले असते, हे त्याला हळूहळू उमगते. परीक्षेत तर भोपळा वर्गमित्राची उत्तरपत्रिकाच त्याच्या पुढ्यात आणून ठेवतो आणि मुलाची फजिती होते. वरवर पाहता ही आळसाविरुद्धची बोधकथा आहे. परंतु फुकटात सर्व काही मिळण्याच्या आश्वासनाकडे पाहण्याची जुनी उपहासक नजर तीत शाबूत आहे. प्रौढ साहित्यात जी नजर ठेवणे अवघड झाले, तिला मुलांच्या पुस्तकात आसरा मिळाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 2007 साली या कथेवर डिस्नेच्या सहभागाने चित्रपट निघाला.

अत्र्यांचा प्रवास नेमका उलटा. 1940 साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू केले. 1942 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. शाळा मागे पडत गेली. तरीही मुलांचे जग पूर्णपणे सुटले नव्हते, याची साक्ष ‘श्यामची आई’ (1953) हा चित्रपट देतो. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर अत्र्यांसारख्या हशा पिकवणाऱ्या माणसाने चित्रपट काढावा, हे वरकरणी विजोड वाटते. विडंबनकाराला हे पुस्तक म्हणजे आयते सावज होते. अश्रूंची अशी रेलचेल मराठीत दुसरीकडे नाही. अत्र्यांनी त्याची टिंगल केली नाही. त्यांनी वनमालाबाईंना आईची आणि माधव वझे या मुलाला श्यामची भूमिका दिली आणि साध्या बोलीचा तो ग्रंथ साधेपणानेच पडद्यावर आणला. 1954 साली पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ‘भरजरी गं पीतांबर’ हे त्यातले गीत अत्र्यांचेच. कोणाला हसावयाचे नाही हे ज्याला कळते, त्याचेच विडंबन टिकते. रविकिरण मंडळाच्या कृत्रिमतेवर तुटून पडणारी दृष्टी कोकणातल्या एका गरीब घरापुढे थांबली, ती याच विवेकामुळे.

यानंतरचे अत्रे मुंबईच्या रस्त्यावरचे आहेत. 20 नोव्हेंबर 1955 ला चौपाटीवरची सभा उधळली गेली. 21 नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, 15 नोव्हेंबर 1956 रोजी ‘मराठा’ दैनिक निघाले, आणि 1957 साली अत्रे दादरमधून विधानसभेवर निवडून गेले. लालबाग-परळच्या चाळींत ‘मराठा’चा एक अंक अनेकांत वाचला जाई, एकाने वाचावयाचे आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे. वाचनमालेच्या काळात मूल वाचत होते आणि आई-बाप ऐकत होते, त्याच खोल्यांत हे घडत होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ‘मराठा’च्या भाषेचे एक रहस्य उलगडते. लहान वाक्य, एकच ठळक प्रतिमा, टोपणनावे, आणि ‘दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही’ या थाटाची अतिशयोक्ती ही सर्व मुलांना गोष्ट सांगणाऱ्याची साधने आहेत. अत्र्यांच्या अतिशयोक्तीला टीकाकारांनी बेजबाबदारपणा म्हटले. गोष्टीतल्या राक्षसाला सात समुद्रांपलीकडे राहावेच लागते, हे शाळेत शिकवलेल्या माणसाला ठाऊक होते, असेही म्हणता येईल.

मात्र येथे एक हिशेब मांडणे भाग आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला या भाषेने जे बळ दिले ते निर्विवाद आहे, आणि 1 मे 1960 च्या राज्यस्थापनेत तिचा वाटा आहे. परंतु लढा संपल्यावरही ही भाषा लढ्याचीच राहिली. प्रतिपक्षाच्या शरीराची, जातीची, खासगी आयुष्याची थट्टा तीत येऊ लागली. ‘झेंडूची फुले’तला विडंबनकार कवितेतले व्यंग दाखवीत होता, ‘मराठा’तला संपादक पुष्कळदा माणसाचे व्यंग दाखवीत होता. अत्र्यांच्या चाहत्यांना हे विधान रुचणार नाही. तथापि ‘सूर्यास्त’मधले नेहरूंवरचे लेख ज्याने लिहिले, त्याला दुसरी भाषा येत नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. ऐकणारा समोर मूल आहे, ही जाणीव लेखकावर एक प्रकारचा धाक ठेवते. झांग तियानयींच्या बाबतीत राजकारणाने उपहासाची जागा आक्रसली, पण मुलांच्या वाचकाने त्याचे कसब जपले. अत्र्यांना राजकारणाने उपहासाचे मोकळे रान दिले, आणि मुलांचा वाचक हातातून निसटल्यावर त्या कसबाला आवर घालणारे कोणी उरले नाही.

या दरम्यान मुंबईत मुलांसाठीचे काम इतरांनी हाती घेतले होते. 1959 साली सुधा करमरकर यांनी गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने मराठी बालरंगभूमीला वेगळे रूप आले. 1961 साली विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा बालकवितासंग्रह आला. भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयातले पशू तेथे माणसांच्या खोडी घेऊन वावरतात. हसणे आणि मूल यांची अत्र्यांनी घातलेली गाठ विंदांनी पुन्हा बांधली. विंदांच्या बालकवितेवर लिहिताना केशवकुमारांचे नाव घेतले जात नाही, एवढेच.

27 जानेवारी 1967 रोजी महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपल्या परिचयाची ‘बालभारती’, स्थापन झाले आणि खासगी वाचनमालांचा काळ मावळू लागला. 13 जून 1969 रोजी अत्रे गेले. वरळी नाक्यावर त्यांचा पुतळा आहे. भुयारी मेट्रोच्या 2025 साली सुरू झालेल्या तेथील स्थानकाला ‘आचार्य अत्रे चौक’ हे नाव आहे. ‘आजीचे घड्याळ’खाली मात्र शाळेच्या पुस्तकांतून ‘केशवकुमार’ हे नाव छापले जात आले, आणि कविता तोंडपाठ असणाऱ्यांपैकी पुष्कळांना पुतळ्यातला माणूस आणि हा कवी एकच, हे माहीत नसते.